डोळे मिटून घेतलेली हजेरी

आमच्या अक्काच्या मामंजींइतका जागा माणूस उभ्या कोल्हापुरात झाला नाही असं मी म्हटलं, तर त्यांना ओळखणारे निम्मे लोक पोट धरून हसतील आणि उरलेले निम्मे माझ्या तब्येतीची चौकशी करतील. कारण ज्यांनी ज्यांनी मामंजींना बघितलं, त्यांनी त्यांचे डोळे मिटलेलेच बघितले. देवळात मिटलेले, हे एक वेळ समजू शकतं. पण मामंजींचे डोळे वर्गात मिटलेले, सभेत मिटलेले, न्हाव्यापुढं मिटलेले आणि जेवायच्या पाटावर तर हमखास मिटलेले. मामंजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे सासरे. अक्का त्यांना मामंजी म्हणायची म्हणून मीही म्हणायला लागले, आणि बघता बघता राजारामपुरीतली ती अख्खी गल्ली म्हणायला लागली. त्यांचं खरं नाव घेऊन कुणी पत्ता विचारत आलं, तर शेजारीपाजारी "असं कोण न्हाई हितं, पावणं" म्हणून त्याला वाटेला लावायचे.

मामंजी मास्तर घडवायचे. गावातल्या अध्यापक विद्यालयात ते शिकवायला होते, आणि जिल्हाभरातून मास्तर-मास्तरीण व्हायला आलेली आमच्यासारखी मंडळी त्यांच्या हाताखालून जायची. हा काळ सत्तर सालाच्या आसपासचा. मामंजींकडं एक काळी सायकल होती. तिच्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत, पण तिच्यावर बसलेलं त्यांना कुणीही बघितलं नाही. सायकल हातात धरून, मान थोडी कलती ठेवून, ते संथ चालत जायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "मामंजी, बसत का न्हाई हो हिच्यावर?" तर म्हणाले, "बसलो तर विचार करता येत न्हाई. आणि नुसता चालत निघालो तर लोक गप्पा मारायला थांबवत्यात. सायकल हातात असली की म्हाताऱ्याचं चाक पंक्चर झालंय म्हणून सोडून देत्यात." चाकांत हवा भरलेली असायचीच असं नाही, हे मला नंतर कळलं.

जेवणाची तर तऱ्हाच. एका रविवारी अक्कानं मटण केलं होतं. तिनं पांढऱ्या रश्श्याची वाटी पुढं ठेवली, आणि मामंजींनी डोळे न उघडता साखरेचा डबा मागून घेतला. अक्काला वाटलं चहाला हवी असेल. त्यांनी चांगली दोन चमचे साखर रश्श्यात घातली, ढवळली आणि शांतपणे वाटी संपवली. दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, तोंडात घास तसाच धरून बघत बसले होते. मामंजी हात धुवायला उठताना म्हणाले, "सूनबाई, खीर आज जरा झणझणीत झालीया. पण चांगली हाय." अक्कानं पदराआड हसून घेतलं आणि पुढल्या रविवारपासून साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला.

पण ह्या सगळ्याहून न्यारी गोष्ट म्हणजे मामंजींची शाळा. सकाळी चहाची कपबशी हातात आली की ते म्हणायचे, "काल शाळेत गेलतो." ही शाळा विद्यालय नव्हे, आणि जिल्ह्यातलीही कुठली नव्हे. ही त्यांच्या झोपेतली शाळा. त्यांना तीच ती शाळा स्वप्नात दिसायची. उसाच्या फडाच्या कडंला लांबलचक कौलारू इमारत, पुढं पिंपळ, आणि सगळीकडं सकाळचं कोवळं ऊन, ते दुपारी पण तसंच. घरात त्या शाळेची बातमी नात्यातल्या गावाची असावी तशी ऐकली जायची. दाजी बशीत चहा ओतता ओतता विचारायचे, "घंटा कुणी दिली?" "दोन वेण्यांची पोरगी हाय न्हवं, तिनं." "आणि झाडलोट?" "पोरांनी. एका पोराला तर झाडू सोडवंना." एकदा म्हणाले, "काल एक पोरगं पडलं आणि भोकाड पसरून रडलं. पण पोरीसारखा काय रडतोस असं त्याला कुणीच म्हणालं न्हाई. रडून झालं, आणि गेलं की खेळायला." एखाद्या सकाळी ते गप्प असले, तर अक्का विचारायची, "आज शाळेला सुट्टी व्हय मामंजी?" आणि ते खरोखर हिरमुसून मान हलवायचे. मला हे सगळं इतकं गोड वाटायचं की मीही अंथरुणावर पडल्यावर ती शाळा दिसते का बघायची. मला आमच्या म्हशी दिसायच्या.

त्या शाळेत एकच गोष्ट बिनसलेली होती. हजेरी. मामंजी तिथं रोज हजेरी घ्यायचे, सगळी पोरं-पोरी खणखणीत बोलायची, आणि शेवटचं एक नाव राहायचं. "मी पुकारतो," मामंजी सांगायचे, "आणि वाट बघत बसतो. कोण बोलतच न्हाई. मग जाग येती." कुणाचं नाव, असं दाजींनी एकदा विचारलं, तर त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि सायकल काढायला निघून गेले.

विद्यालयातले त्यांचे तास म्हणजे निम्मी त्या शाळेचीच तयारी. आम्हाला गणितं रचायला सांगायचे. सगळ्यांच्या गणितात राम आंबे विकायचा, श्याम जमीन मोजायचा आणि सुशीला सहा जणांच्या भाकऱ्या करायची. मामंजी मिटल्या डोळ्यांनी म्हणायचे, "सुशीलेनं आंबे विकले तर उत्तर बदलतं काय?" "न्हाई सर." "मग विकू दे की तिला. उन्हातनं बाजाराला जाईना का, सारखी चुलीपुढं बसून तिचं डोळं गेलं असतील." वाचनाच्या पुस्तकात एक चित्र होतं, आई भाकरी थापतेय आणि वडील वर्तमानपत्र वाचतायत. ते चित्र समोर धरून त्यांनी अख्खा तास एकच प्रश्न विचारला, की ह्या बाईंना वर्तमानपत्र कधी मिळणार. आमच्यातला एक जण म्हणाला, "रद्दीत गेल्यावर, सर." वर्ग हसला. मामंजी पण हसले, आणि मग म्हणाले, "हेच वर्गातल्या पोरींनी ऐकलं असतं तर त्या पण हसल्या असत्या. तेच वाईट."

विद्यालयातली कामं त्यांनी उलटीपालटी करून टाकली होती. घंटा देणं, टेबल उचलणं, भिंतीवर चढून नकाशा टांगणं हे आम्हा बायकांकडं. पाणी भरणं, झाडणं आणि वर्गाच्या दारातली रांगोळी पुरुषांकडं. आमच्या वर्गात तालमीत घुमलेला, दोन्ही कान मोडलेला एक पैलवान होता. रांगोळीची पाळी आल्यावर त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. "सर, तालमीत कळलं तर मला आखाड्यात उतरू देणार न्हाईत." मामंजी म्हणाले, "मनगट घट्ट हाय न्हवं?" "हाय की!" "मग रेघ सरळ येणार. बसा खाली." पैलवान बसला तो पुन्हा उठेचना. त्याला इतका नाद लागला की दारात ठिपके मांडून झाले की तो प्राचार्यांनासुद्धा वळसा घालून जायला लावायचा. पुढं खरंच बातमी तालमीत पोचली. एका सकाळी त्याचे वस्ताद फेटा बांधून, दोन गडी घेऊन विद्यालयाच्या दारात उभे राहिले. आता हातपाय मोडतात की काय म्हणून आम्ही सगळ्याजणी खिडकीत. वस्तादांनी रांगोळीभोवती एक फेरी मारली, काठी टेकवली आणि म्हणाले, "ह्या कोपऱ्यात एक ठिपका चुकलाय बघ."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. रडगाणं फक्त माझं. मी शिरोळजवळच्या आमच्या गावातून शिकायला म्हणून अक्काकडं येऊन राहिले होते. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, निघताना बजावलं होतं, "मास्तरीण झालीस तर झालीस. न्हाई जमलं तर जयसिंगपूरचं स्थळ थांबलंय. त्यास्नी लई दिवस थांबवता यायचं न्हाई." मला ते स्थळ नको होतं. मला शाळा हवी होती, एवढी हवी होती की सुट्टीत मी गोठ्यात म्हशींना पाढे शिकवायची. आणि मामंजी मला रोज गैरहजर लावत होते.

त्याचं असं होतं. दिवसाचा पहिला तास मामंजींचा, त्यामुळं हजेरी त्यांची. आणि हजेरीला ते डोळे मिटून बसायचे. नाव पुकारायचे, कान द्यायचे, आवाज आला की अंदाजानं खूण करायचे. आम्ही बायका लहानपणापासून काय करत आलो? आमच्या गावात गुरुजी आधी पोरांची नावं ताठ आवाजात घ्यायचे. पोरींची पाळी येईपर्यंत त्यांना तंबाखूची तल्लफ आलेली असायची, मग आम्ही नुसती बोटं वर करायची आणि ते नुसती नजर फिरवायचे. शाळेत मी जन्मात कधी 'हजर' म्हटलं नव्हतं. मामंजींपुढं बोट काय कामाचं? पहिल्या आठवड्यात आम्ही साऱ्याजणी वर्गात बसून गैरहजर होतो. हळूहळू बाकीच्या बोलायला लागल्या. माझं मात्र जमेना. घरात माझा आवाज विहिरीपलीकडं जायचा, पण पुरुषांनी भरलेल्या त्या वर्गात माझं नाव आलं की आवाज अडकायचा. तोंड उघडायचं आणि नुसती हवा बाहेर यायची. मामंजी थांबायचे. चांगले थांबायचे, इतके की झोप लागली असं वाटावं. मग म्हणायचे, "गैरहजर," आणि पुढचं नाव.

सकाळी माझ्याच हातचा चहा पिऊन, माझ्याच सोबतीनं चालत येऊन, वर मला गैरहजर! अक्का एका संध्याकाळी कंबर कसून उभी राहिली. "मामंजी, पोरगी तुमच्या सायकलीमागनं चालत जाती. घरातनं निघाल्याली तुम्ही बघताय की!"

"निघाल्याली बघतो," मामंजी म्हणाले. "पोचल्याली ऐकू येत न्हाई."

"आता ह्यास्नी काय करावं!" म्हणून अक्कानं भांडी आदळली. मी मागच्या परड्यात जाऊन रडले. मला मामंजींचा इतका राग आला होता की रात्रीच्या भाकरीला मीठ घालायचंच मी विसरले. ते मात्र डोळे मिटून ती अळणी भाकरी चवीनं खात होते.

शेवटी व्हायचं तेच झालं. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की हजेरी भरली नाही तर वार्षिक पाठाला, म्हणजे परीक्षकांपुढं पोरांना शिकवून दाखवायला, बसता येणार नाही, आणि पाठ नाही तर मास्तरकी नाही. इथून पुढं एकही दिवस चुकला नाही तर कसंबसं भरेल. त्यांनी रीतसर आबांनाही निरोप धाडला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी संध्याकाळच्या एस्टीनं आबा आले. पटका, हातात काठी, धोतराला फडातली माती तशीच. उंबऱ्यातूनच गरजले, "कुठं उंडारत हुती ही शाळा सोडून? पावणं, तुमच्या घरात ठेवली ती काय ह्याच्यासाठी?"

मामंजींनी त्यांना बसायला पाट दिला, गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. मग सावकाश म्हणाले, "पोरगी रोज वर्गात असती. गैरहजर मीच लावतो."

"मग तुमचं डोकं ठिकाणावर हाय का न्हाई?"

"न्हाई, असं लोक म्हणत्यात," मामंजी म्हणाले. आणि त्यांनी डोळे उघडले. मी इतक्या दिवसांत ते नीट उघडलेले पहिल्यांदा बघितले, पिंगट आणि पाण्यानं भरलेले. "पावणं, मी नोकरीला लागलो तवा पन्हाळ्याच्या बाजूला एका खेड्यात होतो. पोरींत भिंतीकडंला एक पोरगी बसायची. हजेरीला बोट वर करायची. मी बोट बघायचो, खूण करायचो. पुढं पुढं बोट पण बघंनासा झालो. बसली असंलच की, म्हणून खूण करत गेलो. मग एक दिवस गावात लग्नाचं जेवाण होतं. गेलो, तर बोहल्यावर ती. म्हईनाभर शाळेत आलीच नव्हती म्हणं. आणि माझ्याकडं रोज हजर." त्यांनी पुढचा तांब्या उगाच सरळ केला. "तिला शिकायचं होतं, असं तिच्या मैत्रिणीनं मागनं सांगितलं. मला काय ठावं? तिचा आवाज कसा होता तेसुद्धा मला सांगता येत न्हाई. म्हणून डोळ्यांवरचा माझा इश्वास उडाला. आता जी बोलंल तीच हजर."

अक्का दाराशी उभी राहून डोळे पुसत होती. दाजींना आणि मला एकदमच उमगलं की त्या झोपेतल्या शाळेतलं शेवटचं नाव कुणाचं. आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ ते त्याच्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "उद्या मी येतो वर्गात. बघतो तरी काय चालतंय ते."

आले. मागच्या बाकावर पैलवानाच्या शेजारी काठी धरून बसले. मामंजींनी डोळे मिटले आणि नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक आवाज जवळ येत चालला. माझं नाव आलं. मी तोंड उघडलं. हवा. वर्ग शांत, मामंजी शांत, बाहेर पिंपळावर कावळे तेवढे ओरडत होते. आता 'गैरहजर' येणार, म्हणून मी मान खाली घातली, आणि मागून आबांचा फडातला आवाज आला, "इंदे! अगं बोल की! तोंडात काय गूळ धरलाईस?"

"बोलते की हो आबा!" मी वळून अशी काही ओरडले की पिंपळावरचे कावळे उडाले. "हजर हाय! हजर हाय मी!"

अख्खा वर्ग खो खो हसला. पैलवानानं बाकावर थाप मारली. मामंजींनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांच्या तोंडावर असं काही हसू पसरलं की मला रात्रीच्या त्या शाळेतलं ऊन आठवलं. "हजर," ते म्हणाले आणि खूण केली. त्या दिवसापासून माझा आवाज कधी अडकला नाही, आणि दिवसही चुकला नाही. एस्टी स्टँडवर आबांना सोडायला गेले तर गाडीत चढता चढता ते म्हणाले, "लहानपणापास्नं मीच तुला गप बस, गप बस म्हणत आलो गं. चुकलंच माझं." आमच्या आबांनी चूक कबूल केलेली मी आधीही ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. वाटेत ते जयसिंगपूरला उतरले ते त्या स्थळाला परस्पर नाही सांगायलाच, हे अक्कानं मला नंतर सांगितलं.

वार्षिक पाठाला बाहेरून आलेले परीक्षक मामंजींकडं बघून माझ्या कानात म्हणाले, "तुमचे सर झोपले वाटतं." पाठ झाल्यावर मामंजींनी त्यांना मिटल्या डोळ्यांनीच सांगितलं की खिडकीकडच्या दोन पोरी आणि दाराजवळचा एक पोरगा अजून बोललेला नाही, बाकी सगळे बोलले. परीक्षक माझ्याकडं बघायला लागले. मी घाईघाईनं त्या तिघांना एकेक प्रश्न विचारला. पास झाले.

कसबा बावड्यात मला शाळा मिळाली. साखर कारखान्याचा भोंगा झाला की आमची पहिली घंटा, आणि हंगामात वर्गभर मळीचा वास. बाजूला ऊस होता. पिंपळही होता, कौलं मात्र नव्हती, पत्रा होता. मामंजी निवृत्त झाल्यावर एका सकाळी सायकल हातात धरून चालत चालत तिथं आले. राजारामपुरीहून बावडा, चालत! घामानं भिजले होते. म्हणाले, "चालू दे तुझं," आणि शेवटच्या बाकावर बसून त्यांनी डोळे मिटले. मी हजेरी घेतली. माझ्या वर्गात पोरा-पोरींची नावं मिसळून होती, आणि प्रत्येकानं तोंडानं बोलायचं अशी शिस्त. त्या वर्षी भिंतीकडंला एक नवीन पोरगी बसायची. दिवाळीपासून शाळेत येत होती आणि एकदाही बोलली नव्हती. मी तिचं नाव घेतलं. थांबले. पोरं चुळबुळायला लागली तरी थांबले. मागं मामंजी पण थांबले होते, मान तशीच कलती. आणि त्या पोरीनं, काय मनात आलं कोण जाणे, उभं राहून बारीक पण स्वच्छ आवाजात म्हटलं, "हजर, बाई."

सुट्टीत मामंजी मी दिलेला चहा प्याले, सायकल घेतली आणि गेले. रस्त्याला लागेपर्यंत मी त्यांच्याकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी अक्का मुद्दाम बावड्याला आली, नुसतं हे सांगायला. सकाळी मामंजी चहाला बसले आणि म्हणाले, "काल शाळेत गेलतो." दाजींनी सवयीनं विचारलं, "हजेरी झाली?" "झाली." "सगळी?" मामंजी बशीत चहा ओतत राहिले, चहा बशीबाहेर सांडला तरी ओतत राहिले. मग म्हणाले, "सगळी. ती पण बोलली."

"स्वप्नातलं सांगत हुते का तुझ्या वर्गातलं?" अक्कानं मला विचारलं. मला सांगता आलं नाही, आणि मामंजींना विचारायचा धीर मला कधी झाला नाही. त्यानंतर ते शाळेत गेले नाहीत. सकाळी उशिरा उठायला लागले, पांढऱ्या रश्श्याला पांढरा रस्सा म्हणायला लागले, आणि दोनेक वर्षांनी एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या गेले. डोळे मिटलेलेच होते, त्यामुळं घरात बराच वेळ कुणाला कळलंच नाही. अक्का चहा घेऊन गेली, हाक मारली आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मी निवृत्त होईपर्यंत हजेरी डोळे मिटून घेतली. दर वर्षी नवी पोरं पहिले चार दिवस हसायची, मला बाई झोपल्या म्हणायची. म्हणू देत की. दर वर्षी एखादी भिंतीकडची पोरगी असायची, जिचं नाव घेतलं की वर्गात काहीच ऐकू यायचं नाही. मी पुढचं नाव घ्यायची नाही. थांबायची, मामंजी थांबायचे तेवढी, आणि वर दोन श्वास जास्त.